लाईट गेल्यावर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर आरसीसीबी काम करतो का? घरच्या घरी असं तपासा

डीबीत (घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीत) आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच, बसवला की आपण निर्धास्त होतो, पण इन्व्हर्टर असलेल्या घरात तेवढं पुरत नाही. मीटरकडून येताना आधी आरसीसीबी आणि त्याच्या पुढे इन्व्हर्टर अशी वायरिंग असेल तर काय होतं बघा. टेबल फॅनच्या बॉडीत करंट उतरला, आरसीसीबी पडला म्हणजे त्याने सप्लाय तोडला, त्याचं काम केलं. पण इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो बॅटरीवरून त्याच फॅनला परत सप्लाय द्यायला लागतो.

आमच्या गावच्या घरी पावसाळ्यात फॅन सरकवताना आई म्हणाली, अरे हाताला मुंग्या येतायत. टेस्टर लावला तर फॅनच्या जाळीवर दिवा पेटला! बोर्ड उघडून पाहिलं तर अर्थची हिरवी वायर सॉकेटला जोडलेलीच नाही, गुंडाळी करून आत ढकलून दिलेली, आणि इन्व्हर्टरची लाईन आरसीसीबीमधून घेतलेलीच नव्हती. तेव्हापासून मी ही तपासणी सोडत नाही.

सगळ्यात आधी दिवसाउजेडी मेन स्विच बंद करा आणि घरभर फिरून कुठले पॉइंट चालू राहतात ते कागदावर लिहा. म्हणजे मेन बंद केला तरी घर मेलेलं नसतं हेही कळेल, बोर्डात हात घालायचा असेल तर इन्व्हर्टरही बंद करावाच लागतो.

मग मेन चालू करून इन्व्हर्टरच्या लाईनवरचा एक पंखा लावा आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. आरसीसीबी खटकन पडला आणि पंखा मात्र फिरतच राहिला, आणि इन्व्हर्टरच्या आउटपुटवर दुसरा आरसीसीबीही नसेल, तर समजा की इन्व्हर्टरच्या पुढे काहीच संरक्षण नाही. बटण दाबून आरसीसीबी पडलाच नाही तर तो बदलायचा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

यावर उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या आउटपुटवर स्वतंत्र 30 मिलिअँपचा (हा गळतीचा आकडा) दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आरसीसीबी, घरगुती इन्व्हर्टरला 25 अँपचा (हा लोडचा आकडा) भरपूर होतो. वायरमनकडूनच बसवून घ्या आणि बसवताना न्यूट्रलकडे लक्ष द्या, कारण गडबड नेहमी तिथेच होते. आरसीसीबी एवढंच बघतो की फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येतोय का, फरक पडला की तो 15 ते 30 मिलिअँपच्या मध्ये कुठेतरी पडतो. जुन्या घरांत इन्व्हर्टरची फक्त फेज वेगळी ओढलेली असते आणि न्यूट्रल सगळ्या घराचा एकच, अशा ठिकाणी नवा आरसीसीबी ट्यूबलाईट लावली की पडणार. मग "आरसीसीबी खराब आहे" म्हणून काढून टाकतात किंवा बायपास करतात. तसं करू देऊ नका, इन्व्हर्टरच्या पॉइंटचे न्यूट्रल वेगळ्या लिंकवर (वायरी एकत्र जोडायच्या पट्टीवर) घ्यायला लावा. शिवाय इन्व्हर्टरचा इनपुट जुन्या आरसीसीबीच्या आधीच वेगळ्या एमसीबीवरून (जादा करंट झाला की पडणाऱ्या स्विचवरून) घेतला तर जुना पडला तरी इन्व्हर्टरचा न्यूट्रल तुटत नाही.

आता अर्थिंग. टेस्ट बटण आरसीसीबीच्या आतल्या रेझिस्टरवर चालतं, अर्थच्या वायरीशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे घरात अर्थिंग नसलं तरी बटण व्यवस्थित काम करतं आणि माणूस फसतो. म्हणून मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये तीन रीडिंग घ्या: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन 230 च्या आसपास हवीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. मीटर हाताळायची सवय नसेल तर हे वायरमनकडून करून घ्या, तुम्ही फक्त बाजूला उभं राहून आकडे लिहा.

हीच रीडिंग बाहेरची लाईट खरंच गेलेली असताना परत घ्या, कारण खरी परीक्षा तीच आहे. इन्व्हर्टरचा प्लग उपसून लाईट गेल्याचं नाटक करू नका, त्या प्लगबरोबर अर्थपण जातो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर स्वस्तातला मीटर आकडा चुकीचा दाखवतो, थोड्या फरकाने घाबरू नका. पण बॅटरीवर असताना फेज-अर्थ 100-120 वगैरे आणि न्यूट्रल-अर्थही तसंच काहीतरी आलं, तर इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थपासून सुटा पडलाय, तरंगतोय. अशा वेळी लीकेजचा करंट परत यायला वाटच नसते, म्हणून आरसीसीबी पडत नाही. एका वायरीला हात लागला तर कदाचित जाणवणारही नाही, पण घरात दुसरी वायर कुठे भिंतीला, पाईपला टेकलेली असेल तर पूर्ण झटका बसतो. कृपा करून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ स्वतः जोडू नका, मेनचा सप्लाय चालू असताना ते धोक्याचं आहे. माहितगार वायरमनला ही रीडिंग दाखवा.

शेवटची टेस्ट तीन पिनच्या प्लगसारख्या सॉकेट टेस्टरने करायची, त्यावर आरसीसीबीचं बटण असलेलाच घ्या, तो फेजमधून अर्थला मोजका करंट सोडतो. मेनवर एकदा, बॅटरीवर एकदा, दोन्ही वेळा नवा आरसीसीबी पडलाच पाहिजे. काही वायरमन फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघतात, 15 वॉटचा बल्बसुद्धा 65 मिलिअँप घेतो म्हणजे आरसीसीबी पडतो खरा, पण अर्थिंग तुटलेलं असेल तर घरातल्या सगळ्या लोखंडी बॉडीत करंट उतरतो आणि त्याच वेळी कोणीतरी वॉशिंग मशीनला टेकलेलं असू शकतं. मी करू देत नाही.

टेस्ट बटण महिन्यातून एकदा, मीटरची रीडिंग पावसाळ्याआधी, एप्रिल-मे मध्ये, कारण तेव्हा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात बादलीभर पाणी ओता. मी डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी टेप चिकटवलाय, त्यावर तारीख आणि तिन्ही आकडे पेनाने लिहून ठेवतो, पुढच्या वेळी न्यूट्रल-अर्थचा आकडा वाढलेला दिसला की वायरमनला फोन.