मटारचं बी घरीच धरायचं तर

यंदा आमच्या गच्चीवर मटार नुसता रेंगाळला, थंडीच उशिरा पडली त्यामुळे नोव्हेंबरात टोकलेल्या वेलांना शेंगा धरायला फेब्रुवारी उजाडला, आणि अशा वर्षी घरात एकच वाद, खायचे किती न बियाण्याला ठेवायचे किती. माझं ऐका, शेंगा लागल्या की लगेच दोन-तीन जोमदार वेल बघून त्यांना लाल दोरा बांधा, त्या वेलांची एकही शेंग भाजीत जाता कामा नये. आपण काय करतो, चांगल्या शेंगा खाऊन टाकतो आणि खुरटलेल्या बियाण्याला ठेवतो. ज्या वेलावर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारा रोग, सगळ्यात आधी आली तोही नको.

एक बरंय, मटारचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागीभवन उरकून घेतं, त्यामुळे शेजारी दुसरी जात असली तरी सहसा भेसळ होत नाही. फक्त पहिलं बी हायब्रीडचं नसावं, अर्केल वगैरे साधी जात चालेल.

खायला तयार झालेली शेंग पुढे साधारण महिनाभर वेलावरच राहू द्या, आधी पिवळट होते, मग खाकी कागदासारखी, हलवली की खुळखुळते. पाणी कमी करत न्या. अवकाळीचे ढग दिसले तर अख्खा वेल उपटून घरात उलटा टांगा, नाहीतर भिजलेल्या शेंगेत दाण्यांना मोड येतात. पिवळ्या शेंगा टांगून वाळतात, पार हिरव्या असतील त्या सोलून सरळ उसळ करा.

दाणे सोलून आठ-दहा दिवस सावलीत पसरा. अर्केलचे दाणे वाळल्यावर सुरकुततात, खराब झाले म्हणून फेकू नका, ती जातच तशी! एक दाणा हातोडीने ठोकून बघा, फुटून तुकडे झाले तर वाळला, चेपला तर ओल आहे.

एकदा मी बरणी भरून निवांत बसले, ऑक्टोबरात उघडली तर दाण्यादाण्याला गोल भोक आणि तळाशी भुंगे. त्यांची अळी शेतातच दाण्यात शिरलेली असते. आता नीट वाळलेलं बी घट्ट झाकणाच्या बरणीत आठवडाभर फ्रीजरला ठेवते, पण बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडायची नाही, आधी तिचा गारठा जाऊ द्या नाहीतर दाण्यांवर पाणी धरतं.

पेरणीआधी दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून बघा, आठ उगवले तर झकास, पाचच उगवले तर एका जागी दोन-दोन टोका.