पितळेची भट्टी, पांढरा धूर आणि रात्रीचा ताप: या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला लागलो, त्याच्या तिसऱ्या की चौथ्या महिन्यातली गोष्ट. सुट्टीनंतरचा पहिला दिवस, पितळेच्या बुशांचं ओतकाम. दिवसभर काही वाटलं नाही. घरी जेवायला बसलो तर पाणीसुद्धा गोडसर, जिभेवर नाणं ठेवल्यासारखं लागायला लागलं. नऊच्या सुमारास हुडहुडी भरली. आईनं दोन वाकळा अंगावर टाकल्या तरी दात वाजतच होते. पहाटे घामानं अंथरूण भिजलं आणि ताप उतरला. दुपारी कामावर गेलो तर मेस्त्री हसले, "लागला व्हय धूर? आता आठवडाभर काय होत नाही बघ."

तसंच झालं. आठवडाभर पुन्हा ताप आला नाही, आणि नेमकी तिथंच सगळ्यांची फसगत होते.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं वितळतं 1085 अंशाला, आणि जस्त 907 अंशालाच उकळतं. म्हणजे मूस (धातू वितळवायचं भांडं) जरा जास्त तापली की जस्त वाफ होऊन बाहेर पडतं, हवेत पेट घेतं आणि त्याचं झिंक ऑक्साइड होतं. छपराच्या लोखंडी कैच्यांवर, चहाच्या कपाच्या काठावर जो पांढरा कापूस बसलेला दिसतो, तो हाच. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी (जीआय) पाइपला वेल्डिंग करतानाही हाच धूर निघतो, त्यामुळं फॅब्रिकेशनवाल्यांनी हे दुसऱ्याचं दुखणं समजू नये.

फ्लू समजून गोळी घेणं

धूर लागल्यावरचा हा ताप, इंग्रजीत मेटल फ्यूम फीवर, लगेच येत नाही, 4 ते 10 तासांनी येतो. त्यामुळं माणूस कामाला दोष न देता पावसाला, बाहेरच्या खाण्याला, नाहीतर पोराच्या सर्दीला दोष देतो. 24 ते 48 तासांत बरं वाटतं, म्हणून डॉक्टरकडंही कुणी जात नाही. रोज धुरात राहिलं की शरीर तात्पुरतं सरावतं आणि सुट्टीच्या एक-दोन दिवसांत तो सराव मोडतो. म्हणून याला मंडे फीवर असंही नाव आहे. तुमच्याकडं साप्ताहिक सुट्टी कुठल्याही वारी असो, सुट्टीनंतरच्या पहिल्याच रात्री दोन-तीन जण तापले तर भट्टी तपासा. ताप येत नाही म्हणजे धूर सोसतोय, असा अर्थ मात्र काढू नका.

डॉक्टरकडं गेलात तर "पितळ ओततो" किंवा "जीआय पाइप वेल्ड करतो" हे आधी सांगा. आपण सांगितलं नाही तर त्यांना स्वप्न पडणार आहे का?

सगळ्या धुरांना एकाच मापानं मोजणं

ही चूक जिवावर बेतू शकते. चांदीकामात कॅडमियम या धातूचं डाक (सांधे जोडायचा मिश्रधातू) वापरलं, किंवा कॅडमियमचा मुलामा दिलेले बोल्ट गॅसनं कापले, तर दुखण्याची सुरुवात अगदी अशीच होते: ताप, अंगदुखी, खोकला. पण जस्ताचा ताप दुसऱ्या दिवशी उतरतो आणि कॅडमियमचं दुखणं दुसऱ्या दिवशी वाढतं. फुप्फुसात पाणी होऊन माणूस जाऊ शकतो. धूर लागल्यावर दम वाढत चालला असेल तर रात्र काढायची नाही, थेट दवाखाना गाठायचा.

भंगारातल्या पितळेत शिसंही असतं. शिशानं ताप येत नाही, ते गुपचूप साठत राहतं. ज्या अंगरख्यात भट्टीवर उभे राहिलात त्याच अंगरख्यात घरी जाऊन पोराला उचलून घेतलं, तर ते घरापर्यंत पोचलं. कपडे कारखान्यातच बदला. पितळेचं काम रोजचं असेल तर रक्तातलं शिसं अधूनमधून तपासून घ्या.

दूध आणि गूळ

धूर लागला की दूध प्या, गूळ खा, म्हणजे उतरतो, असं भट्टीवर सांगतात. गंगावेशीतलं धारोष्ण दूध मलाही आवडतं. खुशाल प्या. पण धूर जातो फुप्फुसात आणि दूध जातं पोटात, त्यांची कुठं गाठच पडत नाही. गुळाचंही तेच. काही मालक पंख्याचा खर्च वाचवायला दूध वाटतात, त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

रुमाल, आणि चुकीचा मास्क

या धुराचे कण एका मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात. रुमालाच्या विणीतून ते सहज आत जातात. स्प्रे पेंटिंगवाल्यांचा काळ्या कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क महाग असतो म्हणून चांगला वाटतो, पण नुसता कोळसा रंगाच्या वाफा धरतो, कण धरत नाही. कणांचा फिल्टर हवा, निदान एन 95. आणि तो चेहऱ्याला चिकटून बसला पाहिजे. मिशीला माझी हरकत नाही, कोल्हापुरात ती घेऊन जगायचं कुठं? पण मास्कच्या काठाखाली दाढी आली की सगळा धूर तिथूनच आत येतो.

मास्क ही शेवटची गोष्ट. आधी धूर कमी करा. जस्त शेवटी घाला, पृष्ठभागाखाली दाबून घाला, वर कोळशाच्या भुकटीचा थर ठेवा आणि ओतण्यापुरतंच तापवा. हिरवट पांढरा भडका उठला की जस्त जळतंय, म्हणजे पैसाही जळतोय. जीआय पाइप असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंनी 2 ते 4 इंच मुलामा घासून काढा. घासतानाही मास्क हवाच.

पोत्यातली पूड: नावाचा घोळ

रबर, रंग, पशुखाद्य करणाऱ्यांकडं झिंक ऑक्साइड तयार पोत्यात येतं. ते पेटत नाही, आणि ताज्या धुराइतकं तापदायकही नसतं. पण बाजारात ‘जस्ताची पूड’ मागितली की कधी करड्या रंगाचं झिंक डस्ट हातात पडतं. ते धातूचंच आहे, पेट घेतं, आणि ओलं झालं तर हायड्रोजन सोडतं. पांढरं ते ऑक्साइड, करडं ते धातू. पोतं उघडायच्या आधी लेबल वाचा. सांडलेल्या झिंक डस्टवर पाणी मारायचं नाही.

"हे तर बाळाच्या मलमात असतं" असं म्हणून ऑक्साइडची धूळ नाकात घेणारेही भेटतात. कातडीवर लावणं वेगळं, श्वासात घेणं वेगळं. पोतं उंचावरून उलटं करू नका, कॉम्प्रेसरच्या हवेनं अंग झाडू नका. हा कॉम्प्रेसरचा नाद तर आमच्याकडं सगळ्यांना आहे. सांडलेलं पांढरं ऑक्साइडच असेल तर जमीन थोडी ओली करून ते गोळा करा आणि पाण्याच्या पाइपनं गटारात लोटू नका. शहरातलं पाणी जयंती नाल्यातून पंचगंगेला जातं, आणि झिंक ऑक्साइड माशांना विषारी आहे. भट्टीची जस्त-राख तर नोंदणी असलेल्या पुनर्वापरवाल्यालाच द्या.

पंखा पाठीमागं

उकडतं म्हणून पंखा पाठीमागं लावतात. पाठीवर आदळलेली हवा दोन्ही कुशींनी पुढं जाते आणि छातीसमोर भोवरा करून धूर वर, नाकाशी आणते. पंखा बाजूला ठेवा, म्हणजे धूर तोंडासमोरून आडवा जाईल, आणि पलीकडं बाहेर टाकणारा एक्झॉस्ट हवा. मुशीच्या काठाशी धूर ओढून घेणारा हूड बसवता आला तर सगळ्यात बरं. बसवलाय का नीट ते बघायचं असेल तर भट्टी लावायच्या आधी तिथं उदबत्ती धरा. तिचा धूर हूडकडं वळला पाहिजे. तुमच्याकडं आला तर फिटरला परत बोलवा.