शाळेत रोबोटिक्स टीम काढताय? आधी बॅटरीचं बघा

आठवी-नववीतली सहा ते आठ मुलं घ्या. दहावीची नकोत, दिवाळीनंतर प्रिलिम आली की घरचे पाठवत नाहीत. मुख्याध्यापकांकडे दोनच गोष्टी मागा: कुलपाचं कपाट आणि शनिवारचे दोन तास. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे सरकारी योजनेतली शाळेतली प्रयोगशाळा, असेल तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

पहिल्या वर्षी एकच काम घ्या: पांढऱ्या फ्लेक्सवरच्या काळ्या टेपवरून धावणारा लाइन फॉलोअर. रोबोट जोडून देणाऱ्या क्लासवाल्यांना दारातूनच परत पाठवा. तो बंद पडला की मुलांना उघडताही येत नाही.

सामानाला मुलांना घेऊनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा, रविवार सोडून. आर्डुइनो उनो (कोड चालवणारा बोर्ड), एल२९८एन मोटर ड्रायव्हर (त्या बोर्डाच्या हुकमाने मोटरना वीज देणारा), दोन पिवळ्या बीओ मोटर (चाकं फिरवायला), दोन आयआर सेन्सर (काळी टेप ओळखायला). व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर घेतल्याशिवाय परतीला ग्रँट रोड स्टेशन गाठू नका. सांगाडा आणि वायरिंग दोन शनिवारांत होतं, कोडही सोपा आहे.

आता बॅटरी. बहुतेक व्हिडिओंत नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी दाखवतात. ती अजिबात घेऊ नका.

आमची पहिली टीम तिच्यापायी मोडत होती. उनोला लॅपटॉपची केबल लावून चाकं हवेत धरली की सगळं झकास चालायचं. केबल काढून जमिनीवर ठेवला की रोबोट वीतभर जाऊन थबकायचा, पुन्हा झटका, पुन्हा थांबायचा. तीन शनिवार आम्ही कोडच तपासत बसलो. कोड लिहिणाऱ्या मुलीला बाकीचे बोलायला लागले आणि चौथ्या शनिवारी ती आलीच नाही. त्याच दिवशी एका मुलाला दिसलं, की प्रत्येक झटक्याला उनोवरचा बारीक दिवा भराभर लुकलुकतोय. म्हणजे बोर्ड दर वेळी नव्याने सुरू होत होता.

वजन घेऊन सुटताना मोटर एकदम जास्त करंट ओढते. त्या बॅटरीला तेवढा देता येत नाही. व्होल्टेज कोसळतं, उनो बंद पडतो, मोटर थांबते, व्होल्टेज सावरतं आणि पुन्हा तेच. कोडचा काही दोष नव्हता. हे सांगायला मी त्या मुलीच्या घरी गेलो, तेव्हा ती परत आली.

त्याऐवजी दोन १८६५० आकाराचे, चार्ज होणारे लिथियम सेल होल्डरमध्ये सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, लावा. ७.४ व्होल्ट मिळतात, त्यातले सुमारे दोन एल२९८एन खातो, उरलेले बीओ मोटरला पुरेसे होतात. सेलवर ९९०० एमएएच (सेलची क्षमता) छापलेलं दिसलं तर तो घेऊ नका. या आकाराचे चांगले सेल ३५०० च्या आसपासच थांबतात. ड्रायव्हरचा आणि उनोचा ग्राउंड (वजा टोक) तारेने जोडाच, नाहीतर मोटरी भलत्याच वागतात. चार्जिंग लिथियमच्याच चार्जरवर आणि मोठं माणूस समोर असतानाच. सुटे सेल दप्तरात टाकू देऊ नका. किल्ली टेकली तरी शॉर्ट होतात.

मग परीक्षा घ्या. सेल पूर्ण चार्ज करा, मोटर फिरत असताना चाक क्षणभर हाताने दाबा आणि मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावा. सातच्या वर टिकलं तर ठीक. त्याखाली घसरलं तर सेल बदला. तोवर कोडला हात लावू नका.

खिडकीतलं ऊन आयआर सेन्सरला चकवतं, म्हणून फ्लेक्स सावलीत अंथरा. आणि डिसेंबरात मुलांना पवईला, आयआयटीच्या टेकफेस्टला न्या. पहिल्या वर्षी उतरायला नाही, नुसतं बघायला.