चोवीस तासांची लघवी: कॅन घरी नेण्याआधी एवढं वाचा

टिळक रोडच्या मागच्या गल्लीत एका कलेक्शन सेंटरवर मी टेक्निशियन आहे. काउंटरवर पाच लिटरचा कॅन ठेवला की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. "एवढा भरायचा?" नाही हो, भरायचा नाही. २४ तासांत जेवढी होईल तेवढी, पण सगळी. या टेस्टचं निम्मं काम तुमच्या बाथरूममध्ये होतं. तिथे घोळ झाला तर आमचं मशीन चुकीच्या लघवीचा अगदी अचूक आकडा देतं, बाकी काही नाही.

चिठ्ठीवर 'युरिन मेटानेफ्रिन', 'कॅटेकोलामाइन्स' किंवा 'व्हीएमए' असं काहीतरी असेल. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ॲड्रिनल ग्रंथी बसलेली असते. तिच्या गाभ्यात ॲड्रेनलिन आणि थोडं नॉरॲड्रेनलिन बनतं. कर्वे रोडवर गाडीपुढे कुणी अचानक आडवं आलं की छातीत जे धडधडतं ते यांच्यामुळेच. नॉरॲड्रेनलिन शरीरभरच्या मज्जातंतूंच्या टोकांवरही सुटतं, आणि डोपामिन ही याच साखळीतली आधीची पायरी. तिघं मिळून कॅटेकोलामाइन्स. शॉकमधल्या, म्हणजे बीपी धोकादायक खाली गेलेल्या पेशंटला आयसीयूत नॉरॲड्रेनलिनचं ड्रिप लावतात, जोरदार ॲलर्जी आली तर मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन देतात, ती हीच रसायनं.

क्वचित त्या ग्रंथीत गाठ होते, फिओक्रोमोसायटोमा. ती ही रसायनं मनाला येईल तेव्हा रक्तात ओतते. मग डोकं ठणकतं, दरदरून घाम येतो, धडधड होते आणि बीपी एकदम चढतं. हाय बीपीच्या हजार पेशंटमध्ये साधारण दोन ते सहा जणांना अशी गाठ निघते, त्यामुळे कॅन हातात आला म्हणून घाबरून जाऊ नका. ॲड्रेनलिन रक्तात दोन-तीन मिनिटांतच निम्मं होतं. झटका येऊन गेल्यावर रक्त काढलं तर हाती काही लागेलच असं नाही, म्हणून दिवसभराचा हिशेब मागतात. मेटानेफ्रिन हे या रसायनांचं मोडतोड झालेलं रूप (व्हीएमए म्हणजे त्याच मोडतोडीतलं आणखी पुढचं). गाठ ते आतल्या आत सतत बनवत असते, झटका असो वा नसो. म्हणून हल्ली डॉक्टर तेच जास्त लिहितात.

आता दिवस निवडा. रविवार सकाळ ते सोमवार सकाळ हे सगळ्यात सोयीचं, घरातून बाहेर पडायला लागत नाही. संकष्टी टाळा, उपवासाला केळी खाल्लीच जातात. गणपतीत ढोलपथकात असाल तर विसर्जन होऊन जाऊ द्या. पर्वती चढणं, जिम, सिंहगड, सगळं त्या दिवशी बंद. ताप किंवा मोठं दुखणं असेल तर तारीख पुढे ढकला. बायकांनी पाळीचे दिवस सोडून द्यावेत.

खाण्याची यादी प्रत्येक लॅबची थोडी वेगळी असते, तुमच्या लॅबने दिलेली पाळा. आमच्याकडे आधीचे दोन दिवस आणि कॅनचा दिवस मिळून केळी, चहा, कॉफी, चॉकलेट, व्हॅनिला नको असं सांगतो. म्हणजे शिकरण नाही, मस्तानी नाही आणि अमृततुल्यसमोरून मान खाली घालून जायचं. केळ्यात डोपामिन खरोखरच असतं. व्हॅनिलाचं पथ्य मुख्यतः जुन्या पद्धतीने केलेल्या व्हीएमएसाठी आहे, पण दोन दिवस मस्तानी न खाल्ल्याने कुणाचं काही बिघडत नाही. सिगारेट आणि दारू वेगळी सांगायला नको.

औषधांचं मात्र मनाने काहीही करू नका. सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलएफ्रिन, काही डिप्रेशनची औषधं, पार्किन्सनची लेवोडोपा, बीपीची लॅबेटॅलॉल आणि मिथाइलडोपा, काही मशीनवर तर साधी पॅरासिटामॉलसुद्धा आकडे बिघडवते. तरीही बीपीची गोळी परस्पर बंद करायची नाही; क्लोनिडिन एकदम थांबवलं तर बीपी उसळतं आणि कॅटेकोलामाइन्सही वाढतात, म्हणजे गाठ नसताना गाठीसारखा रिपोर्ट. गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा, काय थांबवायचं ते त्यांना ठरवू दे. त्या आठवड्यात दाढ काढली असेल तर तेही सांगा, कारण दातांच्या भुलीच्या इंजेक्शनात बऱ्याचदा ॲड्रेनलिन असतं.

कॅनच्या तळाशी थोडं पाण्यासारखं दिसेल. ते ॲसिड आहे, हायड्रोक्लोरिक. ते नसेल तर ही रसायनं कॅनमध्येच नासतात. एका काकूंनी "बाटली आतून ओली होती म्हणून स्वच्छ विसळून घेतली" असं कौतुकाने सांगितलं होतं. नवा कॅन द्यावा लागला. तर विसळायचं नाही, वास घ्यायचा नाही आणि थेट कॅनमध्ये लघवी तर अजिबात करायची नाही, अंगावर उडालं तर भाजतं. एक प्लास्टिकचा मग वेगळा ठेवा, त्यात करा आणि सावकाश कॅनमध्ये ओता. हातावर थेंब पडलाच तर नळाखाली भरपूर पाण्याने धुवा.

सगळ्यात जास्त चुका वेळेत होतात. समजा, रविवारी सकाळी सात वाजता सुरुवात. सातला जाऊन या आणि ती लघवी टाकून द्या. हो, टाकूनच. ती रात्रभर साठलेली, आदल्या दिवसाची. कॅनवर लिहा: रविवार, सकाळी ७. त्यानंतरची प्रत्येक वेळ कॅनमध्ये, रात्री दोनला उठलात तरी. संडासला जाताना आधी मगमध्ये लघवी करून घ्या, मग बसा. सोमवारी बरोबर सातला, लागलेली नसली तरी, जाऊन या. ही मात्र कॅनमध्ये जाते. संपल्याची वेळ लिहा. पहिली आणि शेवटची दोन्ही घातल्या तर हिशेब एका रात्रीने वाढतो.

"मॅडम, शनिवारवाड्यापाशी होतो, तिथली एक राहिली, चालेल ना?" नाही चालणार, काका. पुन्हा पहिल्यापासून, नव्या कॅनमध्ये. पाणी घालून भरपाई करू नका. त्याच लघवीतलं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून रोज साधारण ठरावीक निघणारा टाकाऊ पदार्थ, आम्ही मोजतो, ते पाण्याने वाढत नाही, आणि तुमच्या अंगकाठीच्या मानाने फार कमी आलं की शंका येतेच. पाणी नेहमीएवढं प्या, उगाच ढोसू नका.

कॅन फ्रीजमध्ये ठेवलेला उत्तम. श्रीखंडाच्या डब्याशेजारी तो ठेवण्यावरून घरात महाभारत होणार असेल, तर थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून ठेवा. सोमवारी झाकण घट्ट लावून, उभा धरून आणा. रिक्षात मांडीवर आडवा नको.

काहींना लघवीऐवजी रक्तातलं मेटानेफ्रिन सांगतात. त्यात किमान वीस मिनिटं, आमच्याकडे तीस, पाठीवर निवांत पडायचं आणि झोपूनच रक्त द्यायचं. बसून दिलं तर नॉरमेटानेफ्रिन (नॉरॲड्रेनलिनचं मोडलेलं रूप) वाढलेलं दिसू शकतं. "घाई आहे, असंच घ्या ना" म्हणणाऱ्यांना मी सरळ दुसऱ्या दिवशी बोलावते.

रिपोर्टमध्ये आकडा वरच्या मर्यादेच्या जरासा पुढे असेल तर बहुतेक वेळा कारण औषध, ताण किंवा चुकलेला कॅन असतं आणि टेस्ट पुन्हा करतात. गाठ असली की आकडे सहसा कितीतरी पट वर असतात, मग पोटाचा सीटी किंवा एमआरआय. एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टसोबत त्या दिवशी घेतलेल्या औषधांची यादी न्या, ते पहिल्यांदा तीच मागतात.