कोकणातून नांदेड-परभणीकडे येताय? घरामागची ओली माती अशी वापरा

बदली होऊन इकडं येणारे आपले बहुतेक लोक घरामागचा ओला, सावलीचा तुकडा बघून नाक मुरडतात. पाणी मुरलेलं, ऊन जेमतेम ३-४ तास. मी इथं कायमचा राहिलो, म्हणून सांगतो: घर बघताना आधी तोच तुकडा बघा. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं गेला की उघड्यावरची कोथिंबीर करपते, सावलीतली तगते.

माती मात्र आपल्याकडची नाही. तांबड्या मातीतून पाणी लगेच निथळतं. इथली भारी काळी जमीन पाणी धरून फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओलीत कुदळ मारलीत तर मोठाली ढेकळं निघतात, वाळली की फोडता फुटत नाहीत. म्हणून वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होऊ द्या. मूठभर माती दाबून कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर कामाला लागा; चपटा होऊन तसाच बसला, बोटांना चिकटला, तर थांबा. शेजारच्या काकूंना "वाफसा आलाय का?" विचारलंत तर त्या स्वतः येऊन माती बघतील, वर पालकाचं बीही देतील.

मग ३ फूट रुंद, फूटभर उंच गादीवाफा करा. मूठभर वाळूनं काही साधत नाही, चांगलं कुजलेलं शेणखतच हवं. पालक, आंबटचुका, पुदिना सुखानं येतात. हळद आणि आलं मे-जूनमध्ये लावा. वसमतची हळद जवळच पिकते, बेणं, म्हणजे लावायचे कंद, मिळून जातं. आल्याला वाफ्याची सगळ्यात उंच कड द्या, पाणी साचलं की कंदकूज होते. भांडी घासायच्या जागेचं पाणी जिथं जातं तिथं अळू लावा, गौरी-गणपतीला विकत आणावा लागणार नाही. कपड्याच्या पावडरचं पाणी मात्र नको, त्यातल्या सोड्यानं काळी माती आणखी चिबडते.

टोमॅटो, वांगी, मिरची गच्चीवर कुंड्यांत लावा. सावलीत त्यांची नुसती उंची वाढते.

पावसाळ्यात शंखी गोगलगायींकडं लक्ष ठेवा. २०२२ मध्ये लातूर-बीडकडं त्यांनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं पोतं वाफ्याशेजारी टाका, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. ते पाणी वाफ्यात ओतू नका.