स्टीफन हिस्लॉपवर प्रोजेक्ट लिहायचा आहे? असं करा

नागपुरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे पण माणूस कोण होता ते विचारलं तर पोरं चूप बसून राहतात, म्हणून सांगतो.

आधी एक चूक टाळा. कॉलेज निघालं १८८३ मध्ये आणि हिस्लॉप वारले १८६३ मध्येच, म्हणजे कॉलेज त्यांनी काढलं असं लिहू नका, नाव त्यांच्या आठवणीत दिलं आहे. ते स्कॉटलंडचे पाद्री, १८४५ मध्ये इथं आले, भोसल्यांचं राज्य होतं तेव्हा, आणि शाळा सुरू केली.

मग फक्त धर्मप्रचारावर अडकू नका. हा माणूस नागपूरच्या आजूबाजूचे दगड, जीवाश्म गोळा करत फिरायचा, गोंड आणि इतर आदिवासींबद्दल लिहून ठेवायचा, ते लिखाण रिचर्ड टेम्पल या इंग्रज अधिकाऱ्यानी १८६६ मध्ये छापलं. मला तर हाच भाग सगळ्यात भारी वाटतो, यालाच जास्त पानं द्या.

शेवटी बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला जाऊन या. तिथली जुनी शिळावर्तुळं, म्हणजे गोलात मांडलेले मोठे दगड, पाहून परतताना ४ सप्टेंबरला पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. पावसाळ्यात जाल तर पाण्यात उतरू नका बाप्पा.