आमदारकीच्या उमेदवाराची आरोग्य आणि न्यायाची भूमिका कशी तपासायची

प्रचारपत्रकात आरोग्याला चार ओळी मिळतात, न्यायाला एखादीच. ‘सुसज्ज रुग्णालय’, ‘मोफत उपचार’, ‘फास्ट ट्रॅक कोर्ट’, ‘नराधमांना फाशी’ हे शब्द सगळ्याच पक्षांच्या पत्रकांत असतात, त्यामुळे त्यांवरून उमेदवार निवडता येत नाही. विचारायचं ते असं: हे काम कुठल्या खात्याचं, त्यासाठी किती पदं मंजूर आहेत आणि त्यांतली भरलेली किती? या तीन प्रश्नांवर जो अडखळतो, त्याच्याकडे घोषणेपलीकडे काही नाही असं खुशाल समजावं.

तयारी मात्र उमेदवार ठरण्याआधी लागते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली, प्रचार १८ तारखेच्या संध्याकाळी थांबला आणि मतदान २० ला झालं. पक्की यादी हातात आल्यावर जेमतेम दोन आठवडे उरतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला कार्यालयाला ३० दिवस असतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत तिथले बरेच कर्मचारी निवडणुकीच्या कामाला लावलेले असतात. म्हणून मतदारसंघाची आकडेवारी तीन-चार महिने आधीच गोळा करावी. उमेदवार कोणीही उभा राहिला तरी ती उपयोगी पडते.

अधिकार कोणाचा, हे आधी

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालयं, पोलीस आणि तुरुंग हे विषय राज्यांच्या यादीत आहेत. फौजदारी कायदा, फौजदारी प्रक्रिया आणि न्यायदानाची व्यवस्था समवर्ती यादीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांत येतात. म्हणजे ग्रामीण रुग्णालयाबद्दल आमदाराला थेट धारेवर धरता येतं, पण ‘शिक्षा वाढवू’ म्हणणाऱ्याचे हात अर्धे बांधलेले असतात. महिला आणि बालकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणाऱ्या राज्याच्या शक्ती विधेयकाचं हेच झालं. विधिमंडळानं ते डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं. केंद्राच्या कायद्यांत बदल करणारं असल्यानं त्याला राष्ट्रपतींची संमती लागत होती. ती मिळाली नाही आणि कायदा कधी लागूच झाला नाही. तेव्हा कोणी नवा कडक कायदा कबूल केला, तर ‘राष्ट्रपतींची संमती लागेल का, आणि ती अडली तर तोवर काय करणार?’ असं विचारावं.

कोल्हापूरच्या खंडपीठाची गोष्टही याच जातीची. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या कित्येक निवडणुका या मागणीभोवती फिरल्या. निर्णयाचा अधिकार उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचा होता, राज्यपालांच्या मान्यतेनं. राज्य सरकारच्या हाती जागा, इमारत आणि पैसा. १८ ऑगस्ट २०२५ पासून तिथं सर्किट बेंचचं, म्हणजे फिरत्या खंडपीठाचं काम सुरू झालं. श्रेय घेणाऱ्यांची रांग लागणारच. त्यांतल्या कोणी विधिमंडळात जागेचा आणि निधीचा पाठपुरावा केला, एवढंच तपासून पाहावं.

आरोग्य: इमारत सोडा, पदांवर बोला

आरोग्यात पहिला घोळ खात्यांचा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकाकडे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. शहरातले दवाखाने महापालिकेकडे. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालकं होती. तिथं जाब वैद्यकीय शिक्षण विभागाला विचारायचा होता, आणि सभांमधून मात्र ‘आरोग्य खातं’ एवढंच ऐकू येत राहिलं. उमेदवाराला आपल्या तालुक्यातली संस्था कुठल्या विभागाची हे ठाऊक नसेल, तर तो निवडून आल्यावर पत्र चुकीच्या मंत्र्याला लिहिणार.

दुसरा घोळ निकषांचा. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. आदिवासी आणि डोंगराळ भागात हेच आकडे ३,००० आणि २०,०००. ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचं, उपजिल्हा रुग्णालय ५० किंवा १०० खाटांचं. ‘श्रेणीवर्धन करून आणतो’ या आश्वासनाचा अर्थ ३० चे ५० करणे. त्याचे टप्पे असे: प्रस्ताव, मंजुरीचा शासन निर्णय, जागा, बांधकामाची प्रशासकीय मान्यता, इमारत, मग पदनिर्मितीचा वेगळा शासन निर्णय, मग भरती. फीत कापली जाते ती इमारत झाल्यावर. पदनिर्मिती अडली की नव्या कोऱ्या इमारतीत जुन्याच ३० खाटांचा कर्मचारीवर्ग विभागून बसवला जातो. म्हणून ‘पदनिर्मितीचा जीआर निघाला का? तारीख काय?’ हा प्रश्न सोडू नये.

आकडे मागवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप चिकटवला तरी चालतं. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. मजकूर साधा ठेवावा: ‘… ग्रामीण रुग्णालयातील मंजूर, भरलेल्या व रिक्त पदांची संवर्गनिहाय माहिती, भरलेल्या पदांपैकी नियमित, कंत्राटी व बंधपत्रित किती, प्रतिनियुक्तीवर अन्यत्र कार्यरत किती.’ शेवटचा भाग विसरू नका. कागदावर भरलेलं पद आणि प्रत्यक्षात दुसऱ्याच तालुक्यात काम करणारा डॉक्टर, हा प्रकार नेहमीचा आहे. बंधपत्रित डॉक्टर, म्हणजे शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा करण्याचं लिहून दिलेले, मुदत संपली की जातात, त्यामुळे आज भरलेलं पद मतदानापर्यंत रिकामं झालेलं असू शकतं.

दुसऱ्या अर्जात गेल्या १२ महिन्यांतल्या प्रसूती, सिझेरियन आणि पुढे पाठवलेले रुग्ण यांची महिनावार संख्या मागावी. ‘सिझेरियन का होत नाही?’ असं लिहिलं तर अर्ज वाया जातो, कारण या कायद्यात नोंदी मिळतात, खुलासे मिळत नाहीत. आकड्यांवरून कारण आपोआप कळतं. सिझेरियनला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त साठवण्याची सोय ही तिन्ही एका वेळी लागतात. स्त्रीरोगतज्ज्ञ हजर, शस्त्रक्रियागृह तयार आणि भूलतज्ज्ञाचं पद रिक्त असेल, तर बाईला १०८ मध्ये घालून जिल्ह्याला धाडतात. मग उमेदवाराला ‘रुग्णालय सुधारणार का?’ विचारण्यात अर्थ नाही. ‘भूलतज्ज्ञाचं पद केव्हापासून रिक्त आहे आणि तोवर खासगी भूलतज्ज्ञ बोलावायची काय सोय कराल?’ असं विचारलं की त्याला नेमकं उत्तर द्यावं लागतं.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत पुढे पाठवणं बंधनकारक आहे, पण त्यात आठवडा सहज जातो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करावं.

आता पैशाचं. आमदाराला स्थानिक विकास निधीतून वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात. त्यातून खोली बांधता येते, यंत्र घेता येतं, रुग्णवाहिका देता येते. पगार देता येत नाही. त्यामुळे रुग्णवाहिकेचं लोकार्पण थाटात होतं आणि चालक, डिझेल कुणी द्यायचं यावर गाडी शेडमध्ये उभी राहते. सोनोग्राफी यंत्राला तर गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली नोंदणी आणि पात्र डॉक्टर दोन्ही लागतात. ‘मशीन देतो’ म्हणणाऱ्याला चालवणाऱ्याचं पद दाखवायला सांगा.

‘मोफत उपचार’ हे आश्वासन ऐकलं की आधीच काय मोफत आहे ते आठवावं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत, वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्यात धरलेली नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील करून घेतलेल्या रुग्णालयात, ठरलेल्या उपचारांसाठी. साध्या बाह्यरुग्ण तपासणीला ते लागू पडत नाही. म्हणून खरे प्रश्न दोन. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी किती वेळा हातात पडते? आणि तालुक्यात किती रुग्णालयं अंगीकृत आहेत, कुठल्या आजारांसाठी? औषधखरेदीसाठी राज्यानं २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरण केलं. उमेदवाराला त्याचं नाव माहीत आहे का, तेही कळेल.

खासगी रुग्णालयांच्या बिलांवर उमेदवार बोलत नाहीत, त्याची कारणं उघड आहेत. तरी विचारावं. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही. इथं १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याचे २०२१ मध्ये सुधारलेले नियम चालतात, त्यांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. राजस्थाननं २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. ‘तसा कायदा इथं आणण्यासाठी अशासकीय विधेयक मांडाल का?’ याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं.

न्याय: निकालाच्या आधीचे अडथळे

फास्ट ट्रॅक कोर्टाची घोषणा स्वस्त आहे. पद आणि पैसा राज्य मंजूर करतं, न्यायाधीश नेमण्याची सूत्रं उच्च न्यायालयाकडे असतात. नवीन न्यायाधीश आला नाही तर जुन्या कोर्टाचे खटले दुसऱ्या दालनात जातात, एवढंच. आपल्या जिल्ह्याची स्थिती राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. महाराष्ट्र, मग जिल्हा निवडून फौजदारी खटले वेगळे काढावेत आणि किती वर्षं जुने आहेत ते पाहावं. प्रलंबित खटल्यांचा एकूण आकडा फसवा असतो. महिन्याला दाखल किती आणि निकाली किती, या दोहोंतला फरक वाढतोय की घटतोय ते बघा.

खटले रखडण्याची बरीच कारणं राज्याच्या खिशात आहेत: सरकारी वकिलांची रिक्त पदं, आरोपीला तारखेला न्यायला पोलीस गार्ड नसणं, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल न येणं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं अपेक्षित आहे, आणि त्याची तजवीज करायला राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. उमेदवाराला विचारा, आपल्या जिल्ह्यात फिरतं पथक आहे का?

आरोग्य आणि न्याय इथंच एकमेकांत अडकतात. शवविच्छेदन, मारहाणीची वैद्यकीय तपासणी, बलात्कार पीडितेची तपासणी हे सगळं त्याच रुग्णालयातला डॉक्टर करतो, ज्याची पदं रिक्त आहेत. पीडितेचा वैद्यकीय अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे जायला हवा, असं संहिता सांगते. बदलून गेलेल्या डॉक्टरला साक्षीसाठी बोलावण्यात तारखा जातात. ‘फाशी’वर टाळ्या मिळवणाऱ्याला या डॉक्टरांच्या पदांबद्दल विचारून पाहाच.

तुरुंगांबद्दल उमेदवार गप्प असतात, कारण तिथं मतं नसतात. देशातल्या दर चार कैद्यांत साधारण तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले आहेत. त्यांच्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आहे: आधी कधीच दोषी न ठरलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, इतरांनी निम्मा, की जामिनाचा विचार व्हायला हवा, आणि कोर्टाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. एकापेक्षा जास्त गुन्हे प्रलंबित असतील तरीही नाही, आणि गरीब कैदी नेमके इथंच अडकतात. जामीन मिळूनही जामीनदार न मिळाल्यानं आत राहणाऱ्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे. तिच्या मूळ नियमांप्रमाणे कच्च्या कैद्याला जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत, शिक्षा झालेल्याला दंडासाठी २५,००० पर्यंत. पैसे जिल्हा समितीमार्फत मिळतात. समितीच्या बैठका किती झाल्या आणि किती जण सुटले, हे माहिती अधिकारात मागवून उमेदवारापुढे ठेवा.

पोलिसांबाबत दोन प्रश्न पुरेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशानंतर राज्यानं २०१४ मध्ये पोलीस कायदा बदलून तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. आपल्या विभागात ते चालू आहे का? आणि २०२० च्या आदेशाप्रमाणे ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर जपलं जातं का?

भेट, नोंद, पत्रक

विद्यमान आमदार पुन्हा उभा असेल तर त्याचे तारांकित प्रश्न, लक्षवेधी आणि पुरवणी मागण्यांवरची भाषणं विधिमंडळाच्या संकेतस्थळावर शोधावीत. एकाच प्रश्नाखाली पुष्कळ आमदारांची नावं असतात, नुसत्या नावावर भुलू नये. सभागृहात उपप्रश्न कोणी विचारला ते कामकाजाच्या वृत्तांतात कळतं.

प्रत्येक उमेदवाराचं नमुना २६ मधलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. गुन्हे प्रलंबित असतील तर त्यांची माहिती प्रचारकाळात वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर तीनदा जाहीर करावी लागते, आणि पक्षाला याच उमेदवाराला का निवडलं याचं कारण द्यावं लागतं. ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच अपुरं ठरवलं आहे.

भेटीला पाच मिनिटं मिळतील असं धरून चला. तीनच प्रश्न, सगळ्या उमेदवारांना तेच, लेखी. सोबत आपण काढलेले आकडे जोडा, म्हणजे ‘माहिती घेऊन सांगतो’ ही पळवाट बंद होते. उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून वाचून दाखवा आणि सही मागा. सही दिली नाही तर तसंच नोंदवा. कार्यकर्त्यानं दिलेलं उत्तर उमेदवाराच्या नावावर खपवू नका.

उत्तरं छापून वाटायची असतील तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सगळ्यांची उत्तरं शेजारी शेजारी छापा. एकाच उमेदवाराची भलामण करणारं पत्रक त्याच्या लेखी परवानगीशिवाय काढता येत नाही, आणि परवानगी दिली तर तो खर्च त्याच्या ४० लाखांच्या मर्यादेत मोजला जातो. वाटप मतदान संपण्याच्या ४८ तास आधी थांबवा.